डिस्चार्ज कार्डावर नसलेली ओळ

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी अंबाजोगाई तालुक्यातली, शिवणकाम करते. तीन वर्षांपूर्वी गॅसची नळी गळत होती, सर्दीमुळं वास आला नाही, लायटर पेटवला. छाती, गळा, पोट भाजलं.

पहिल्याच रात्री वॉर्डात नायब तहसीलदार जबाब घ्यायला आले. मालकांना बाहेर काढलं. “कुणी पेटवलं का? स्वतःहून घेतलं का?” विचारावंच लागतं, कळतं मला, आमच्याकडं तसल्या बायका कमी नाहीत. पण मालक अर्धा तास दाराबाहेर संशयित म्हणून उभे राहिले. तो अर्धा तास आमच्या खोलीत अजून असतो.

मांडीची कातडी काढून गळ्याला, छातीला लावली. अशा कातडीला घाम नाही, तेल नाही, म्हणून दिवसातून चारदा खोबरेल चोळायचं. मालकच चोळायचे. मग प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा, 23 तास अंगात, वर्षभर, मे महिन्याच्या उन्हातसुद्धा. हूक तेच लावायचे, नजर फक्त हुकावर. एका रात्री त्यांनी सहज खांद्यावर हात ठेवला. मी विचारलं, “तेल राहिलं का?” ते उठले आणि ओसरीवर जाऊन झोपले. पुढं कितीतरी महिने बाज तिथंच.

डिस्चार्ज कार्डावर अंडी खा, ऊन टाळा, मानेचे व्यायाम करा, सगळं होतं. नवरा-बायकोबद्दल एक ओळ नाही. सिस्टरला विचारलं तर म्हणाल्या, “दोन लेकरं झालीत ना? मग?”

व्रण मऊ पडायला वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर कुठं हात लावला तरी कळत नाही, तर कुठं पदर घासला तरी आग होते. नवी कातडी घासली की फोड येतात, हेही खरं. पण जखम पुरती भरल्यावर जवळ यायला हरकत नसते. ताण पडणार नाही असं कुशीवर वळायचं, दुखलं की सांगायचं. हे मला दीड वर्षानं एका फिजिओताईंनी सांगितलं, दार लोटून, हळू आवाजात. पाच मिनिटं लागली त्यांना.

बिनलग्नाच्यांचं तर विचारूच नका. माझ्यासोबत एक बावीस वर्षांचा पोरगा होता, विजेच्या डीपीवर भाजलेला. म्हणाला, “मावशी, पोरीला पाठीचं आधी सांगायचं का साखरपुड्यानंतर?” मला उत्तर आलं नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात ॲसिड हल्ला झालेल्यांचं नाव आहे. आमच्यासारख्यांचं वेगळं नाव नाही.

मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायला सरकारच्या टेलिमानसचा 14416 नंबर आहे, माहीत आहे. पण घरात फोन एक आणि शेजारी सासूबाई. तिथं हे कोण बोलणार?

म्हणून भाजलेल्या माणसाला घरी सोडताना जोडप्याला बंद दाराआड अर्धा तास द्या, जबाबाला देता तेवढाच. बोलणारी बाई फिजिओ असो की समुपदेशक, लाजणारी नको. तीन महिन्यांनी पुन्हा बोलवा.

मालकांनी हे पत्र वाचलं. म्हणाले, पाठव, पण नाव घालू नको. म्हणून घातलं नाही.

आपली,
अंबाजोगाई तालुक्यातली एक शिवणकामवाली