स्वतःची गाडी बनवली म्हणून वॉरंटी नाकारल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मोटरवर चालणाऱ्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरच्या ठोकळा-संचातील सदोष सर्व्हो मोटर, बॅटरी बॉक्स व लांब पट्ट्या बदलून मिळणे, आणि चुकीच्या कारणावरून नाकारलेली वॉरंटी मान्य करणे.

महोदय / महोदया,

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मोटर वायंडिंगचं दुकान चालवतो. विहिरीवरच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटरी भरून देणं हा माझा धंदा. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्या ग्राहक सेवेने मला फोनवर मोठ्या धीराने समजावलं की "सर, मोटरवर जास्त लोड आला की ती खराब होते." साहेब, त्याच एका गोष्टीवर माझं घर चालतं.

तुमच्या वेबसाइटवरून मी माझ्या पुतणीसाठी १,६०० तुकड्यांचा ट्रॅक्टरचा संच घेतला. किंमत ₹७,४९९, पैसे आगाऊ भरले. त्यात चालवायच्या दोन मोटरी, स्टिअरिंगसाठी एक सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी मोटर), चार्ज होणारा बॅटरी बॉक्स आणि मोबाइलवरून चालवायचं ॲप. पेटीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत छापलं आहे : "तुमच्या कल्पनेतली गाडी तुम्हीच बनवा". बाजूला लिहिलं आहे, "एकाच संचातून अगणित गाड्या". हा संच मी घेतला तो ह्या दोन ओळी वाचून. नुसता तयार ट्रॅक्टर हवा असता तर यवतमाळच्या बाजारात पाचशे रुपयांत मिळतो.

पोरीने आधी तुमच्या पुस्तकातला ट्रॅक्टर पुस्तकात दाखवला तसाच जोडला. दिसायला छान आहे, त्यात वाद नाही. पण त्याच्या मागे काहीच जोडता येत नाही. आमच्याकडे नुसता ट्रॅक्टर कोणी पाहत नाही, मागे काय लावलं आहे ते पाहतात : नांगर, रोटावेटर, पेरणी यंत्र, नाहीतर कापसाची ट्रॉली. म्हणून तिने तो उकलला आणि आपल्या मनाचा बनवला. एका मोटरवर मागची चाकं, मधे डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दात्यांची जोडणी). दुसऱ्या मोटरचा शाफ्ट मागे बाहेर काढून त्यावर फिरणारा छोटा रोटावेटर, म्हणजे खऱ्या ट्रॅक्टरला मागे अवजार फिरवणारा दांडा, पीटीओ, असतो तसा. सर्व्होवर पुढचं स्टिअरिंग. रोटावेटर काढला की त्या जागी ट्रॉली लागते. तान्ह्या पोळ्याला पोट्टे आपापले लाकडी बैल सजवून आणतात, तिला आपला बैल दोरीने ओढत न नेता ट्रॉलीत बसवून मोबाइलवर चालवत न्यायचा होता. गावात असं आधी कोणी केलं नव्हतं, आणि बोजारा (पोरांना मिळणारी पोळ्याची खुशी) मागायला घरोघरी जाताना तिचा मान वेगळाच राहिला असता.

पोळा यायच्या आधीच सर्व्हो बिघडला. तो असा : ॲपमधलं बटण सोडलं की सर्व्होने मधोमध यायला हवं. हा उजवीकडे वळतो, पण परत येताना मधे न थांबता थोडा डावीकडे जाऊन अडकतो आणि तिथे गुणगुणत राहतो. दोन-तीन मिनिटांत अंगाला चटका बसेल इतका तापतो. पोरीचं म्हणणं, "काका, हे डावीकडंच काहून जाते? मी तं सरळ ठेवलं." मी स्टिअरिंगची सगळी जोडणी काढून टाकली, सर्व्हो एकटा हातात धरला, तरी तेच. ॲपमध्ये मध्यबिंदू लावायची सोय आहे, तीही वापरली. अशा मोटरच्या आत शाफ्टवर एक छोटं पोटेन्शोमीटर बसवलेलं असतं. शाफ्ट कुठे आहे ते त्यावरून सर्किटला कळतं. ते चुकीचं सांगायला लागलं की सर्किट मोटरला ढकलतच राहतं, म्हणून ती गुणगुणते आणि तापते. माझ्या अंदाजाने दोष तिथे आहे. खोलून पाहिलं असतं तर खात्री झाली असती. हात शिवशिवत होता, पण तुमचं सील शाबूत आहे.

फोटो आणि व्हिडिओ पाठवल्यावर तुमचं उत्तर आलं, त्याचा मराठीत सार असा : चित्रातली गाडी आमच्या पुस्तकातली नाही, ग्राहकाने रचना बदलली आहे, ट्रॉलीत जड वस्तू ठेवली आहे, म्हणून हा ओव्हरलोड आहे आणि वॉरंटी लागू नाही.

ती जड वस्तू म्हणजे लाकडी बैल. किराणा दुकानाच्या काट्यावर त्याचं वजन ६०० ग्रॅम भरलं. तुमच्याच पेटीवर "सपाट जागेवर २ किलोपर्यंत ओढतो" असं लिहिलं आहे. शिवाय बैल होता मागे ट्रॉलीत, आणि बिघडला तो पुढचं स्टिअरिंग वळवणारा सर्व्हो. ट्रॉलीचा भार ओढते ती मागच्या चाकांची वेगळी मोटर, आणि ती आजही ठणठणीत चालते.

आता रचना बदलल्याचं बघा. तुमच्या पुस्तकात मोटरपासून मागच्या चाकापर्यंत आधी १६ दात्यांच्या चाकावरून १६ दात्यांच्या चाकावर फिरकी जाते, आणि पुढे १२ दात्यांवरून २० दात्यांवर. पहिल्या जोडीत वेग कमीच होत नाही, दुसऱ्या जोडीत होतो तो १.६७ पट. गाडी सुसाट पळते, पण ओढायला दम नाही. पोरीने फक्त पहिली जोडी बदलली : १६-१६ च्या जागी ८-२४. १६ आणि १६ मिळून ३२ दाते, ८ आणि २४ मिळूनही ३२. म्हणून दोन्ही जोड्या त्याच दोन भोकांत, १६ मिलिमीटरच्या अंतरावर बरोबर बसतात. एक भोकसुद्धा हलवावं लागलं नाही. तिच्या गाडीत पहिल्या जोडीत वेग तिप्पट कमी झाला, दुसरीत १.६७ पट, म्हणजे एकूण पाचपट. चाक हळू फिरतं, पण तोच भार ओढताना तुमच्या पुस्तकातल्या गाडीच्या मोटरला जेवढा जोर लावावा लागतो, त्याच्या जवळपास एक तृतीयांश जोर हिच्या मोटरला लागतो. ओव्हरलोड म्हणायचाच असेल तर तो तुमच्या पुस्तकातल्या गाडीत जास्त आहे. आठवीतल्या पोरीला हे कळलं. घाटात ट्रॅक्टर खालच्या गिअरवर का टाकतात ते तिने वडिलांच्या शेजारी मडगार्डवर बसून पाहिलं आहे.

तरीही तुमचं समाधान व्हावं म्हणून आम्ही ती गाडी पूर्ण मोडली. पुस्तकातला ट्रॅक्टर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुन्हा जोडला, एकही तुकडा इकडचा तिकडे नाही. सर्व्हो तसाच डावीकडे अडकतो, तसाच तापतो. पुस्तकाचं पान शेजारी ठेवून काढलेला व्हिडिओ तुम्हाला पाठवला. त्यावर उत्तर आलं ते शब्दशः आधीचंच, "आपण रचना बदलल्यामुळे" ह्यासकट. म्हणजे व्हिडिओ कोणी उघडलाच नाही. एखाद्या शेतकऱ्याने जळालेली मोटर आणली आणि मी तिच्याकडे न बघता "तुम्ही ड्राय, पाण्याविना चालवली असेल" म्हणून परत पाठवली, तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल.

माझ्या तक्रारीचा गाभा हाच आहे. माल विकताना म्हणायचं "तुमच्या कल्पनेतली गाडी बनवा", आणि बिघडला की म्हणायचं "कल्पनेतली गाडी का बनवली?" दोन्ही एकाच कंपनीने म्हणायचं नसतं. वॉरंटी फक्त पुस्तकातल्या गाडीला असेल, तर तसं पेटीच्या झाकणावर त्याच आकाराच्या अक्षरांत छापा. वॉरंटी कार्डावर असं काहीही लिहिलेलं नाही, मी भिंग लावून वाचलं आहे.

सर्व्होच्या निमित्ताने बाकीचंही तपासलं. संचातल्या १५ भोकांच्या लांब पट्ट्या घ्या. दोन भोकांमधलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे पहिल्या भोकाच्या मध्यापासून शेवटच्या भोकाच्या मध्यापर्यंत १४ गुणिले ८, बरोबर ११२ मिलिमीटर यायला हवं. घरात लेगोच्या जुन्या तुकड्यांची एक पिशवी आहे, पुण्याच्या नातेवाइकांनी त्यांचा मुलगा मोठा झाल्यावर दिलेली. त्यातली वापरून झिजलेली पट्टी व्हर्नियरवर (बारीक माप घ्यायच्या पट्टीवर) ११२ भरते. तुमच्या नव्या कोऱ्या पट्ट्यांमध्ये काही ११२ भरतात, काही ११२.६. अर्धा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो. पण गाडीच्या एका अंगाला ११२ ची पट्टी आणि दुसऱ्या अंगाला ११२.६ ची लागली, की त्यांच्यातून आडवा गेलेला ॲक्सल तिरपा होतो, भोकात घासतो, आणि चाक बोटाने फिरवलं तरी जड लागतं. मोटरवरचा खरा जास्तीचा लोड शोधायचा असेल तर तो इथे शोधा.

हे ठोकळे तुम्ही बनवता त्याला माझी हरकत नाही. आतल्या नळ्यांमुळे एकमेकांवर घट्ट बसणाऱ्या ठोकळ्याचं पेटंट लेगोने डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल केलं, त्याची मुदत कधीच संपली. दात्यांची चाकं आणि ॲक्सल असलेले तांत्रिक संचही १९७७ पासून बाजारात आहेत. माप जगजाहीर आहे. स्वस्तात कोणी तेच देत असेल तर आमच्यासारख्यांना बरंच. पण "सर्व प्रमुख ब्रँडच्या ठोकळ्यांशी जुळतात" असं छापलं की माप पाळावं लागतं. इथे तुमच्या पट्ट्या तुमच्याच पट्ट्यांशी जुळत नाहीत.

बॅटरीबद्दल थोडक्यात. बॉक्सवर ७.४ व्होल्ट, १,२०० मिलिअँपिअर-तास असं लिहिलं आहे. पूर्ण चार्ज करून मी ती अर्ध्या अँपिअरच्या स्थिर लोडवर लावली. पाऊण तासाच्या आत बंद. हिशेब करा : ५०० मिलिअँपिअर गुणिले पाऊण तास, ४०० मिलिअँपिअर-ताससुद्धा होत नाहीत.

आणखी एक. पेटीवर "वय ८+" आहे, आणि बॅटरीवर चालणारं खेळणं आहे. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विजेच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. पेटीच्या सहाही बाजू पाहिल्या, ते चिन्ह कुठे दिसलं नाही. विचारल्यावर तुमच्या प्रतिनिधीने हा "मोठ्यांचा हॉबी किट" असल्याचं सांगितलं. मग ८+ कोणासाठी छापलं? तापणारा सर्व्हो पोरांच्या हातात असतो, म्हणून हा प्रश्न मी सोडणार नाही.

शेवटी पिनकोड. तुम्ही म्हणालात की आमच्या पिनकोडवरून माल परत उचलण्याची सेवा नाही, स्वखर्चाने मुंबईच्या गोदामात पाठवा. पेटी मात्र ह्याच पिनकोडवर, दारापर्यंत आली होती. विकायला जे गाव सापडतं, ते परत घ्यायला का सापडू नये?

माझी मागणी अशी. सर्व्हो, बॅटरी बॉक्स आणि १५ भोकांच्या सगळ्या पट्ट्या बदलून द्याव्यात. ते जमत नसेल तर संच परत घेऊन पूर्ण ₹७,४९९ परत करावेत. दोन्हींपैकी काहीही केलं तरी ने-आणीचा खर्च तुमचा. ग्राहकाने स्वतः रचलेल्या गाडीला वॉरंटी लागू आहे की नाही, हे लेखी कळवावं. "धोरणानुसार" हा शब्द न वापरता कळवलं तर बरं होईल. आणि आयएसआय परवान्याचा क्रमांक असल्यास तोही द्यावा.

तुम्ही स्वतःच्या वेबसाइटवरून विकता, तेव्हा २०२० चे ई-कॉमर्स नियम तुम्हाला लागू आहेत : तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण एका महिन्यात. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करीन आणि नंतर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथे दावा करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. मला तिकडे जायची हौस नाही. हंगामात मोटरींची रांग लागली की मला जेवायलाही वेळ नसतो. पण तारखेला हजर राहीन, आणि दोन्ही पट्ट्या व व्हर्नियर सोबत आणीन.

बिलाची प्रत, वॉरंटी कार्ड, मोजमापाचे फोटो आणि दोन्ही व्हिडिओ ह्या पत्रासोबत जोडले आहेत. संच मूळ पेटीत भरून दुकानात तयार ठेवला आहे. दुकान सकाळी नऊला उघडतं. कुरिअरवाल्याने बसस्टँडवर वायंडिंगचं दुकान विचारलं तरी पुरे. पेटी देऊन गेला होता तोच मुलगा आला तर तेही विचारावं लागणार नाही.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक जोडलेल्या बिलावर आहे)
ता. दारव्हा, जि. यवतमाळ