टेपरेकॉर्डर परत पाठवते आहे

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोन ठेवल्यापासून डोक्यात एकच वाक्य घोळतंय. बाबा, तुमच्या फोननं रात्रीत आपला आपण अपडेट घेतला, सकाळी सगळी बटणं इकडची तिकडे झाली, आणि तुम्ही म्हणालात, "आता आमच्यानं हे व्हायचं नाही गं. अडाणी झालो आम्ही." मागून आईनंही "खरंय" म्हणत री ओढली. मला ते मुळीच पटलेलं नाही. फोनवर वाद घातला असता तर आईनं माझ्या तब्येतीची चौकशी करून विषय बदलला असता, म्हणून हे पत्र. शिवाय खोक्यात काहीतरी लिहून घालायचंच होतं. हो, टेपरेकॉर्डर चालू झालाय!

माळ्यावरून नेला तेव्हा प्ले दाबलं की नुसती घरघर यायची, चाकं मात्र ढिम्म. उघडून बघते तर आतला रबरी पट्टा पट्टा राहिलाच नव्हता, त्याचं डांबर झालं होतं. काळं, चिकट, बोटाला लागलं की साबणालाही दाद न देणारं. तीन संध्याकाळी मी कापसाच्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन बसले होते. टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडवर तपकिरी भुकटी साचलेली होती. ती म्हणजे टेपवरचा लोखंडाच्या ऑक्साइडचा थर, ज्यात आवाज साठतो तोच, इतक्या वर्षांत कणाकणानं झडलेला. ती पुसताना जीव जरा कासावीस झाला, कुणाचे शब्द पुसतेय कोण जाणे.

आणि बाबा, काढलेला एकूण एक स्क्रू मी कागदावर यंत्राचं चित्र काढून त्या-त्या जागी चिकटवून ठेवला होता. जोडताना एकही उरला नाही. ही पद्धत मला कोणी शिकवली?

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. ही छोटी कॅसेट फिलिप्स कंपनीनं १९६३ मध्ये बाजारात आणली. लू ऑटन्स नावाचे इंजिनिअर त्या कामाचे प्रमुख होते. यंत्र केवढं असावं हे ठरवायला त्यांनी कोटाच्या खिशात मावेल असा एक लाकडी ठोकळा कापून घेतला आणि सहकाऱ्यांना सांगितलं, एवढंच हवं. तो ठोकळा आज एखाद्या संग्रहालयात असायचा. पण गाडीचं चाक पंक्चर झालं तेव्हा ऑटन्सनी तो जॅकखाली टेकू म्हणून लावला आणि तिथेच हरवून बसले. वाचल्याबरोबर मला तुम्ही आठवलात. तुम्हीही अगदी हेच केलं असतं, आणि चाक मात्र नीट बसवलं असतं.

आता मुद्द्यावर येते. अडाणी माणसाच्या घरात टेलिफोनच्या कुलपाचा प्रकार घडलाच नसता.

आठवतं ना? बिल फार यायला लागलं म्हणून तुम्ही डायलच्या भोकात ते इवलंसं कुलूप अडकवलंत आणि किल्ली खिशात ठेवलीत. पुढचं बिल तेवढंच आलं! दादानं शोधून काढलं होतं की डायल फिरवायची गरजच नाही. डायल परत येताना लाइन तुटते आणि जुळते, जो आकडा तितक्या वेळा, सेकंदाला साधारण दहा ठोके या वेगानं. रिसीव्हर ठेवायची कळ त्याच वेगानं टकटक दाबली तरी एक्स्चेंजला काही फरक कळत नाही. चारसाठी चार टकटक, सातसाठी सात. बिल हातात घेऊन तुम्ही दादासमोर उभे राहिलात तेव्हा मी दाराआड श्वास रोखून उभी होते. तुम्ही एवढंच विचारलंत, "शून्याचे दहा ठोके मोजताना चुकत नाही तुझं?" मग अर्धा तास दोघं जमिनीवर बसून टकटक करत होतात, आणि मावशीला विनाकारण दोन फोन गेले. कुलूप त्या दिवशीच निघालं. दादा आज जे काम करतो त्याची सुरुवात मी त्या अर्ध्या तासापासून मोजते.

आई तर अजूनही "नंबर फिरव" म्हणते. म्हणत राहा गं. आता काही फिरत नसलं तरी शब्द खरा आहे.

इंटरनेटच्या मॉडेमचं फार लिहीत नाही, कारण त्या काळात आईचे आणि माझे रोज खटके उडायचे. एकच टेलिफोन लाइन, आवाज जाण्यापुरतीच बांधलेली. तीवरून माहिती पाठवायची म्हणून दोन्ही यंत्रं आधी किंचाळून-शिट्ट्या मारून कुठल्या वेगानं बोलायचं ते ठरवायची. पूर्ण ५६ किलोबिटचा वेग मिळाला तरी चार मेगाबाइटच्या एका गाण्याला साडेनऊ मिनिटं लागायची, आणि पूर्ण वेग कधी मिळतच नसे. आठव्या मिनिटाला आतल्या खोलीत आई फोन उचलणार, "अगंबाई, हे कोण ओरडतंय!" म्हणणार, आणि गाणं गेलं. मी चिडायचे, ते चुकलंच माझं. फोन तुझा होता.

पण मला जे खरं सांगायचंय ते कॅमेऱ्यावरून कळेल. तीन दिवसांची ती सहल. छत्तीस फोटोंचा रोल. छत्तीस झाले, सदतीस झाले. बाबा म्हणाले, "निघतात कधीकधी एखाद-दोन जास्त." अडतीस, एकोणचाळीस. चाळिसाव्या फोटोला बाबांचा चेहरा बदलला. त्यांनी रोल गुंडाळायची कळ फिरवून पाहिली, ती हलकी फुलासारखी फिरली. फिल्मचं टोक पलीकडच्या चक्रीत अडकलंच नव्हतं. आम्ही चाळीस वेळा हसलो, पोटं आत घेतली, उन्हात डोळे उघडे ठेवले, आणि फिल्म आपली डबीत गुंडाळी करून पडून होती.

बाबा दिवसभर बोलले नाहीत. मग परतीच्या वाटेवर आईनं पर्समधून छोटी वही काढली आणि आम्हाला एकेक फोटो आठवायला लावला. ती वही माझ्याकडे आहे. परवा पुन्हा वाचली. "क्र. ९ : पायऱ्यांवर तिघं. उजव्या कोपऱ्यात यांचं बोट येणार." "क्र. १७ : दादा रडतोय, बूट हरवला म्हणून. बूट फोटोत मागे दिसतो आहे." चाळीसच्या चाळीस नोंदी. आपल्याकडे छापून आलेले फोटो ढिगानं आहेत, कुठला कधीचा ते कुणालाच सांगता येत नाही. त्या सहलीतलं मात्र मला सगळं आठवतं.

बाबा, पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकमधल्या स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरनं जुळवला. वजन ३.६ किलो. एक काळा-पांढरा फोटो साठवायला २३ सेकंद लागायचे. आणि साठवायचा कशावर? कॅसेटच्या टेपवर! म्हणजे त्यातही टेप गुंतली की पेन्सिल घालून चक्री फिरवत बसायची वेळ आलीच असती.

आता ती कॅसेट. टेपरेकॉर्डरच्या आतच राहिली होती. साठ मिनिटांची, वर बाबांच्या अक्षरात एकच शब्द : 'चाचणी'. दुरुस्ती झाल्यावर मी पहिल्यांदा तीच लावली. आधी खरखर. मग बाबा, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." आई विचारते, "चालू झालं का?" बाबा, "लाल दिवा लागला की झालं." "लागलाय की." "मग बोल काहीतरी." आणि मग बराच वेळ कुणीच काही बोलत नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू येते, खुर्ची सरकते. शेवटी आई म्हणते, "हे वाचू का?" आणि यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका वाचायला लागते. इंग्रजीतली, जागच्या जागी मराठी करून. "हे उपकरण ओलाव्यापासून दूर ठेवावे. कॅसेट उन्हात ठेवू नये. हेड... डोकं म्हणू का हो? डोकं वेळोवेळी स्वच्छ ठेवावे." बाबा खो खो हसतात. पुढची वीस मिनिटं, आई, तू पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचलंयस. वॉरंटीच्या अटींसकट.

त्यात एक गंमत मला हेडफोन लावल्यावर कळली. टेप वर्षानुवर्षं घट्ट गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उमटतो. त्यामुळे त्या शांततेनंतर तू "हे वाचू का" म्हणण्याच्या दोनेक सेकंद आधी, खूप लांबून यावं तसं, तुझंच "हे वाचू का" हळूच ऐकू येतं. मी ते सात-आठ वेळा ऐकलं.

तर सांगा मला, ज्या घरात पुस्तिका वॉरंटीपर्यंत वाचली जायची ती माणसं अडाणी कशी? तुम्हाला यंत्र समजावून घेता येत नाही असं नाहीये. तुमच्या फोनबरोबर वाचण्यासारखं काही आलंच नाही. आणि बाबा, टेपरेकॉर्डरचं प्ले बटण रात्रीतून कधी डावीकडून उजवीकडे गेलं होतं का? घरी नसताना कुणी तुमच्या कपाटातल्या वस्तू हलवाव्यात आणि वर तुम्हालाच विसराळू म्हणावं, तसं आहे हे. मला त्याचा राग येतो.

म्हणून खोक्यात एक फाईल आहे. बावीस पानं, हातानं लिहिलेली, मोठ्या अक्षरात, तुम्ही खरोखर वापरता तेवढ्याच गोष्टींची. प्रत्येक चिन्हाचं चित्र काढून शेजारी त्याचा अर्थ लिहिलाय. चौथं पान आधी बघा. दोन गोल आणि त्यांना जोडणारी खाली एक रेघ, हे चिन्ह तुम्ही मला दोनदा विचारलंत. ती टेपची दोन चाकं आहेत बाबा! निरोप साठवणारी यंत्रं टेपवर चालायची, ती गेली, चित्र तेवढं राहिलं. पानं मुद्दाम सुटी ठेवली आहेत. फोननं पुन्हा काही हलवलं की मला कळवा, मी त्याच नंबरचं नवं पान पाठवीन, जुनं काढून टाका.

कॅसेटच्या वरच्या कडेची पट्टी बाबांनी 'अ' बाजूची मोडून ठेवली आहे, म्हणजे तिच्यावर आता काही भरलं जाणार नाही. 'ब' बाजूची पट्टी शाबूत आहे. मी शेवटपर्यंत चालवून पाहिली, त्या बाजूला काहीच नाही. लाल बटण आणि प्ले एकदम दाबायचं हे बाबांना सांगायला नको. आई, त्या बाजूवर तू माझी ही फाईल वाच, पहिल्या पानापासून. मध्येमध्ये बाबा बोलतील, बोलू दे. तीस मिनिटं आहेत. झालं की 'ब'ची पट्टीही मोडा आणि कॅसेट माझ्याकडे पाठवा. उन्हात ठेवू नका.

तुमची धाकटी