सायगॉनच्या गल्ल्यांबद्दलही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुरवणीत व्हिएतनामवर लेख आला की हो ची मिन्ह सिटीचं (तिकडे बरेच जण अजून सायगॉनच म्हणतात) तेच ठरलेलं असतं, नोत्र दाम चर्च, पोस्ट ऑफिस, बेन थान्ह मार्केट आणि कू चीचे बोगदे. आमची टूरपण तशीच होती. शेवटच्या दिवशी मी आणि हे, दोघांनी बसला सुट्टी दिली आणि पायी निघालो.

न्गुयेन दिन्ह चिऊ हा एकच रस्ता घ्या. काख मांग थांग ताम रस्ता त्याला जिथे मिळतो त्या चौकात ११ जून १९६३ ला थिक क्वांग डुक या भिक्खूंनी स्वतःला जाळून घेतलं, तेव्हाचं दक्षिण व्हिएतनामचं दियेम सरकार बौद्धांना छळत होतं म्हणून. तो फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो पण जागा कुठली ते कोणी विचारत नाही. आता तिथे त्यांचं स्मारक आहे, चहूकडून स्कूटर धावत असतात, आम्ही मात्र बराच वेळ काही बोललोच नाही.

मग त्याच रस्त्यावर २८७/७० नंबरचं घर शोधायला लागलो, आधी काही कळेना, नंतर समजलं की २८७ ला गल्ली सुरू होते आणि घर आत ७० नंबरला. दिसायला अगदी साधं घर, पण फरशीखाली तळघर, त्यात १९६८ च्या टेट हल्ल्यासाठी (टेट म्हणजे व्हिएतनामी नववर्ष, तेव्हा कम्युनिस्टांनी दक्षिण व्हिएतनामच्या शहरांवर केलेला हल्ला) सुमारे २ टन शस्त्रं लपवलेली! घर त्रान वान लाय यांचं, ते राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यात सजावटीची कामं घ्यायचे आणि इथल्या शस्त्रांनी हल्ला झाला तो त्याच राजवाड्यावर. त्याच हल्ल्याच्या गुप्त बैठका ली चिन्ह थांग रस्त्यावर फो बिन्ह नावाच्या नूडल्सच्या दुकानात माडीवर व्हायच्या, खाली गिऱ्हाईक सूप पीत बसलेलं.

आणि बेन थान्ह मार्केटपासून चालत दहा मिनिटांवर त्रुओंग दिन्ह रस्त्यावर मारिअम्मन देवीचं देऊळ आहे, तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं, आता तिथे उदबत्ती लावायला जास्त करून व्हिएतनामी बायकाच येतात. मार्केटमध्ये दोन तास घासाघीस करणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या एकालाही हे माहीत नव्हतं, कारण कुठे वाचायलाच मिळत नाही.

म्हणून विनंती, पुढच्या लेखात या जागा घ्या, आणि पत्ते छापताना गल्लीचा नंबर अर्धवट तोडू नका, त्याच्याशिवाय घर सापडत नाही.

आपली,
एक नियमित वाचक