हौदातल्या अकरा माशांच्या वतीने

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपण आमच्या अंगणातील माशांचा हौद आणि त्याचा फिल्टर स्वच्छ करून दिलात. ठरलेली मजुरी आपण घेतलीत, परंतु तेवढ्याने हिशेब मिटला असे मला वाटत नाही.

आपल्याआधी आलेल्या गृहस्थांनी सगळे पाणी उपसले, भिंती लख्ख घासल्या, फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतला आणि क्लोरीनचा उग्र वास येणारे टँकरचे पाणी भरून त्यात लगेच मासे सोडले. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हौदभर पाणी गटारात जाताना पाहणेच जिवावर आले होते. त्यानंतर चार दिवसांत सात गोल्डफिश दगावले. फोन केला, तर 'मासे मरतातच' एवढेच उत्तर मिळाले.

आपण जेमतेम चौथाई पाणी काढलेत आणि तेही आईच्या जास्वंदीला घातलेत. माशांच्या विष्ठेतून होणाऱ्या अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू स्पंजमध्येच वाढतात व क्लोरीनने ते मरतात, हे आपण तो हौदाच्याच पाण्यात पिळताना सांगितलेत, तेव्हा मागच्या वेळी काय चुकले असावे ते मला उमगले.

पण मनातून जात नाही तो आपला टॉवेल. तळाचा गाळ काढेपर्यंत मासे टबात होते, आणि सावली सरकून टबावर ऊन आले, तेव्हा पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो म्हणून आपण खांद्यावरचा टॉवेल भिजवून टबावर पसरलात. पुढे तासभर, एप्रिलच्या त्या उन्हात, उघड्या डोक्याने, बाहीने घाम पुसत आपण काम केलेत. मी घरातली चादर आणू लागले, तर म्हणालात, "राहू द्या ताई, त्यांनी आधीच लई सोसलंय." मुक्या जिवांच्या कामात हलगर्जी झाली तरी जाब विचारायला ते येत नाहीत, याचा फायदा घेणारे मी पाहिले होते; आपण मात्र हौदात परत सोडताना एकेक मासा मोजलात आणि अकरा भरल्यावरच टब उपडा केलात.

त्या गडबडीत टॉवेल आमच्याकडेच राहिला आहे. धुऊन, घडी करून ठेवला आहे. चहाला या आणि घेऊन जा.

आपली,
हौदवाली ताई