दोन दिव्यांतला एक

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

अंजेय मुंकचा पोलिश सिनेमा 'च्वोव्येक ना तोझे', म्हणजे 'रुळांवरचा माणूस', लावण्याआधी सिग्नलचा दिवा नीट समजून घे. सगळं मरण त्या दिव्यात आहे.

तिथल्या हातवाल्या सिग्नलवर रात्री एक दिवा दिसला तर रस्ता मोकळा, दोन दिसले तर वेग कमी. दिवे तेलाचे. तेल संपलं किंवा वात काजळली की दिवा जातो, मग तार, दांडा, हात सगळं बरोबर का असेना. अंधारात हात दिसतच नाही. दोनांतला एक विझला की उरतो एक, आणि ड्रायव्हर गाडी पळवतो. बिघाड झाला तर गाडी थांबावी, हा रेल्वेचा पहिला धडा. इथे बिघाडच मोकळीक देतो. म्हणून नोकरीतून काढलेला म्हातारा ड्रायव्हर ओझेहोव्स्की गाडी थांबवायला रुळांत उभा राहतो आणि गाडीखाली जातो.

चौकशी मात्र माणसाची होते. सन 1950. कुणीही घातपाती ठरू शकतो असा काळ. स्टेशन मास्तर तुश्का, ओझेहोव्स्कीच्या हाताखाली शिकलेला आणि त्या रात्री तीच गाडी चालवणारा झापोरा, लाइनवरचा सवाता, तिघं आपापला ओझेहोव्स्की सांगतात. ओझेहोव्स्की साकारणाऱ्या कझिमिएश ओपालिन्स्कीची मान आणि नजर प्रत्येक जबानीत कशी बदलते, ते बघ.

कोळशाचा वाद हलका समजू नकोस. बचतीसाठी हलक्या प्रतीचा कोळसा जाळा, असा आग्रह. म्हातारा अडून बसतो. आणि त्याचं म्हणणं इंजिनाला धरून आहे. चुरा जाळीतून खाली पडतो, झोताबरोबर चिमणीतून उडतो. राख वितळून जाळीवर खंगर धरतो, हवा कोंडते, वाफ उतरते. मग चढावर फायरमन फावडं मारून मारून थकतो. पण कागदावर हा माणूस प्रगतीच्या आड येणारा.

मुंकने 1953 मध्ये रेल्वेवर माहितीपट केला होता, म्हणून इंजिनातली माणसं खरी वाटतात. पटकथा येझी स्तेफान स्ताविन्स्की आणि मुंक यांची. प्रदर्शन जानेवारी 1957, पोलंडमध्ये ऑक्टोबर 1956 चा राजकीय बदल, स्टालिनी पकड सैल करणारा, नुकताच झालेला; आधी हा सिनेमा पडद्यावर येणं अवघड होतं.

पार्श्वसंगीत अजिबात नाही. वाफ, चाकं, बोलणं, एवढंच. म्हणून आवाज मोठा ठेव, शेवटी तर नक्कीच. तिथे कुणी भाषण करत नाही. खोलीत कोंदट होतंय एवढंच बोलून खिडकी उघडली जाते.

तुझा,
विनायक