मायनर विषय म्हणून शहर शिकवा, सुरुवात मौजापासून करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला मुख्य विषयासोबत मायनर म्हणजे दुय्यम विषय घ्यायची सोय केली. माझी नात बी.ए.ला राज्यशास्त्र घेऊन शिकते. तिला मायनर म्हणून शहरांचा अभ्यास करायचा होता. कॉलेजने तिला सांगितलं, ते इंजिनीअर-आर्किटेक्टचं काम. (ज्या विभागाला शिकवायचे तास कमी पडतात, त्याचाच विषय मायनरच्या यादीत वर असतो, हे वेगळंच.)

मी नागपुरात प्लॉटांची मोजणी करून पोट भरलं. मला हे पटत नाही. दक्षिण नागपुरातल्या कुठल्याही घराची रजिस्ट्री काढा, मौजा (म्हणजे महसुली गाव) आणि खसरा नंबर (म्हणजे मूळ शेताचा क्रमांक) सापडतो. कास्तकाराने शेत गृहनिर्माण सोसायटीला दिलं, सोसायटीने चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले, घरं उभी राहिली. रस्ता अन् सांडपाण्याची गडरलाईन मागून आली. शहराचा विकास आणि लेआउटची मंजुरी पाहणाऱ्या नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा १९३६ चा, तरी इतकी वस्ती मंजूर नकाशाबाहेर वाढली की ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे म्हटले की नागपूरकराला तेवढे मंजुरीविना पाडलेले लेआउटच आठवतात. पुढे २००१ मध्ये असे प्लॉट नियमित करायला गुंठेवारीचा कायदा आला. आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) म्हणजे काय, डिमांड नोट (त्यासाठी पैसे भरायची नोटीस) कशाची, हे इथल्या बायकांनाही तोंडपाठ आहे. नकाशातलं मैदान कुणी विकलं, नळ आधी कोणत्या गल्लीत आला, नगरसेवक कुणाच्या दारी गेला, हे राज्यशास्त्र नाही तर काय?

भूगोलवाल्यांना अंबाझरी आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. जुना मोजणी नकाशा आजच्या नकाशाशेजारी ठेवला तर नदीनाल्याची जागा किती उरली ते पोरांना दिसेल. इतिहासवाल्यांनी महाल-इतवारी घ्यावी, जुनी कापडाची एम्प्रेस मिल घ्यावी.

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी हा विषय मनावर घ्यावा. शिकवणारे आहेतच, फक्त वेगवेगळ्या विभागांत बसलेत. अट एकच: मुंबई-पुण्याच्या नोट्स वाचून परीक्षा उरकू नये. दर गटाला एक मौजा द्यावा, खसऱ्याचा नकाशा हातात देऊन पायी फिरवावं, जुन्या रहिवाशांशी बोलू द्यावं.

माझ्याकडे सोसायट्यांच्या लेआउटचे जुने फेरो (निळ्या छापाचे नकाशे) आहेत. कुणी विषय सुरू केला तर दाखवायला तयार आहे. घरी मात्र नेता येणार नाहीत.

– एक निवृत्त मोजणीदार, मानेवाडा, नागपूर