चुंबकत्व हा नुसता भास नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान पुरवणीतील सापेक्षतेवरच्या लेखात चुंबकत्व म्हणजे लांबीच्या आकुंचनामुळे (धावती वस्तू गतीच्या दिशेने आखूड दिसते, त्यामुळे) होणारा निव्वळ भास, असे लिहिले आहे. हे अर्धेच खरे आहे. बारावीची मुले नेमके तेवढेच पाठ करतात, म्हणून हे पत्र.

नाशिक रोडहून ताशी 90 किमीने सुटलेली गाडी घ्या. इथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उभा घटक सुमारे 20 मायक्रोटेस्ला आणि रुळांतले अंतर 1.676 मीटर. म्हणजे चाके जोडणाऱ्या आसाच्या दोन टोकांत साधारण 0.8 मिलिव्होल्टचा विद्युत दाब. फलाटावरून पाहणारा म्हणेल, इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रातून धावतात म्हणून बाजूला ढकलले जातात. डब्यातल्याला आस स्थिरच दिसतो. त्याच्या हिशेबी तिथे मीटरमागे 0.5 मिलिव्होल्टचे विद्युत क्षेत्र असते. परिणाम एक, कारणे दोन: आइन्स्टाइनचा 1905चा निबंध याच खटकणाऱ्या गोष्टीपासून सुरू होतो. (मिलिव्होल्टमीटर डब्यात ठेवून हे मोजता येणार नाही. त्याच्या वायरींतही तेवढाच दाब तयार होतो आणि काटा शून्यावर राहतो.)

आता तार. 1.5 चौरस मिमी तांब्याच्या तारेतून 5 अँपिअर डीसी प्रवाह सोडला, तर इलेक्ट्रॉन सेकंदाला जेमतेम पाव मिलिमीटर सरकतात. त्यांच्यासोबत चालणाऱ्याला तारेतले धन आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले तांब्याचे अणू) किंचित दाटलेले आणि इलेक्ट्रॉन विरळ दिसतात, त्यामुळे तार धनप्रभारित होते. हा फरक 10च्या 25व्या घातात सुमारे 7 भाग, पण मीटरभर तारेत मुक्त इलेक्ट्रॉनच 20,000 कूलोम! म्हणून एक सेंटीमीटरवरच्या तशाच दुसऱ्या तारेवर मीटरमागे 0.0005 न्यूटन बल येते.

मुले इथेच विचारतात, मग धावत्या इलेक्ट्रॉनांतले अंतर आपल्यालाही आकसलेले दिसून तार ऋण का होत नाही? कारण इलेक्ट्रॉन काही एका कांडीला बांधलेले नसतात. त्यांची दाटी परिपथ ठरवतो, आणि तार उदासीन (एकूण प्रभार शून्य) असते ती आपल्या, म्हणजे तारेच्या चौकटीत; चौकट म्हणजे निरीक्षक ज्याला स्थिर धरून मोजतो ते. पुरवणीतल्या आकृतीत चौकट कोणाची, हेच लिहिलेले नाही.

आणि 'भास' शब्द का चालत नाही? विद्युत क्षेत्राच्या वर्गातून, प्रकाशवेगाने गुणलेल्या चुंबकीय क्षेत्राचा वर्ग वजा केला तर येणारी संख्या प्रत्येक निरीक्षकाला सारखीच मिळते. उदासीन तारेभोवती ती ऋण असते. त्यामुळे कितीही वेगाने धावा, तिथले चुंबकीय क्षेत्र शून्य होत नाही. एकसमान वेगाने जाणाऱ्या एकट्या इलेक्ट्रॉनच्या गतीमुळे आलेले मात्र होते. त्याच्यासोबत चालले की पुरे.

— भौतिकशास्त्राचे काही शिक्षक, नाशिक